जंगलांतील जुनी जीप

शहरांतल्या गृहस्थाची मोटार बिघडली, तर तो ती कारखान्यांत पाठवितो आणि आपण रिक्षा करून कचेरीस जातो. फार तर अर्धा दिवस फुकट जातो आणि महिन्याच्या हिशेबांत एक बिल वाढतें. पण तीच गाडी आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवर, एटापल्लीच्या डोंगराळ भागांत किंवा सिरोंच्याच्या बाजूस प्राणहितेच्या कांठच्या रानांत बंद पडली, म्हणजे प्रकार निराळा होतो. तेथें कारखाना म्हणजे मागच्या बैठकीखालची हत्यारांची पेटी, आणि मेस्त्री म्हणजे गाडीचा धनी स्वतः. गाडींतला माणूस सहलीस निघालेला असेल, तर एक रात्र डासांत काढून त्याची सुटका होते. पण गाडींत बाळंतपणाला अडलेली स्त्री किंवा साप चावलेला मनुष्य असेल, तर त्या पेटींतील एका पान्याची किंमत कोणत्याही बाजारभावानें ठरत नाहीं. म्हणून जुन्या जीपची निगा हा विषय, श्रोतेहो, वरवर पाहतां हौशी माणसांचा दिसला, तरी या दोन जिल्ह्यांपुरता तो केवळ हौसेचा नाहीं.

चंद्रपूर, म्हणजे जुन्या कागदपत्रांतलें चांदा, हा एके काळीं फार विस्तीर्ण जिल्हा होता. १९८२ मध्यें त्याचा पूर्वेकडचा वनमय भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. या नव्या जिल्ह्याच्या निम्म्याहून पुष्कळच अधिक भूमीवर आजही जंगल आहे. पश्चिमेस वैनगंगा आणि पुढें प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, आग्नेयीस इंद्रावती, आणि मध्यें कठाणी, खोब्रागडी, दिना, पर्लकोटा अशा नद्या व त्यांना मिळणारे असंख्य नाले. उन्हाळ्यांत चंद्रपूरचें तपमान ४५ अंशांवर जाणें ही कांहीं नवलाची बातमी नव्हे. आणि पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी पुलावर चढून भामरागड बाहेरच्या जगापासून तुटल्याचे प्रसंग वर्षानुवर्षें घडलेले आहेत. बाबा आमटे यांनीं १९७३ मध्यें हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां तर पावसाळ्यांत तो भाग गाडीच्या वाटेनें गांठणें जवळजवळ अशक्यच होतें. आतां डांबरी रस्ते पुष्कळ झाले, पूलही झाले; तरी मुख्य रस्ता सोडून दोन कोस आंत शिरलें, कीं पांदण, रेती, चिखल आणि रपटा यांच्याशींच गांठ असते. धूळ, उष्णता आणि पाणी हे तीन शत्रू येथें ऋतुमानाप्रमाणें पाळीपाळीनें गाडीवर चाल करून येतात.

जीपची जन्मकथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. १९४० च्या जुलैमध्यें अमेरिकेच्या सैन्यानें चारही चाकांना जोर पोंचेल अशा हलक्या गाडीसाठीं कारखानदारांना आवाहन केलें. पहिला नमुना बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें करून दिला. पण मोठी मागणी विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या वांट्यास गेली, आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. आपल्याकडे १९४५ मध्यें महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनीं महिंद्रा आणि महंमद ही कंपनी काढली, व तिनें विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईंत त्यांची जुळणी करण्यास प्रारंभ केला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्यें कंपनीच्या नांवांत महंमद यांच्या जागीं दुसरे महिंद्रा आले. पुढें उंच बॉनेटची सी. जे. ३ बी ही गाडी आली. तिचें बॉनेट उंच होण्याचें कारण शोभेचें नव्हतें. नव्या एंजिनांत आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हा माथ्यावर बसविल्यामुळें एंजिनच उंच झालें होतें. ही बांधणी थोड्याफार फेरफारानें भारतांत कित्येक दशकें चालली. पेट्रोलच्या एंजिनाबरोबर डिझेलचीं एंजिनें आलीं. तरी शिडीसारखी चौकट, पाट्यांवर बसलेले दोन ताठ आंस आणि गिअरपेटीमागची दुसरी जोडपेटी हा सांगाडा तोच राहिला. म्हणूनच १९६० ची गाडी आणि १९९० ची गाडी यांची निगा बरीचशी एकाच प्रकारची आहे, आणि ती घरच्या अंगणांत करतां येण्याजोगी आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे. जुनी जीप हातीं आली, कीं बहुतेक तरुण धनी प्रथम एंजिनाच्या मागें लागतात. जोर वाढला पाहिजे, टायर रुंद पाहिजेत, आवाज भारदस्त झाला पाहिजे! या वनांत हा क्रम उलटा हवा. जी गाडी चालत नाहीं ती उशीर करील. जी थांबत नाहीं ती घात करील. तेव्हां पहिला रुपया आणि पहिला रविवार ब्रेकसाठीं खर्च करावा.

जुन्या जीपचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. पेडल दाबलें, कीं मुख्य सिलिंडरांतील द्रव नळ्यांतून चारही चाकांकडे लोटला जातो आणि ड्रमच्या आंतले शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमला घांसतात. अगदीं जुन्या बांधणींत चारही चाकांना मिळून एकच मुख्य सिलिंडर व एकच मार्ग असतो. त्यामुळें एका चाकाजवळची रबरी नळी फुटली, तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. शिवाय विलीजच्या रचनेंत हा सिलिंडर चालकाच्या पायांखालीं, फरशीच्या खालच्या बाजूस चौकटीला धरून बसविलेला असतो. उन्हाळ्यांत त्यावर धुळीचा थर बसतो, आणि नाल्यांत उतरल्यावर तो लवकर पाण्याखालीं जातो. द्रव भरण्याचें तोंडही फरशींतल्या झांकणाखालीं लपलेलें. जें डोळ्यांसमोर नसतें तें तपासलें जात नाहीं, हा अनुभव तर मोटारीपुरताच नाहीं.

ब्रेकचा हा द्रव साधें तेल नव्हे. त्यांत चुकून एंजिनचें तेल पडलें, तर सिलिंडरांतल्या रबराच्या वाट्या फुगून निकामी होतात. त्याचा दुसरा स्वभाव असा, कीं तो हवेंतली ओल शोषून घेतो. बाजारांत डॉट ३ या नांवानें मिळणारा द्रव कोरा असतांना निदान २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये, असें मानक आहे. तोच ओल प्यायला म्हणजे ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. लांब उतारावर ब्रेक तापला, कीं अशा ओलसर द्रवाची वाफ होते. वाफ दबते, द्रव दबत नाहीं. आणि पेडल फरशीला टेकलें तरी गाडी पुढेंच जाते. शिवाय तीच ओल चाकांच्या सिलिंडरांना आंतून गंज चढविते. म्हणून कोरड्या प्रदेशांत दोन वर्षें चालणारा द्रव येथें दरसाल बदलावा, आणि तो पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास बदलावा.

हें काम दोघांचें आहे, आणि घरांतल्या कोणालाही त्यांत घेतां येतें. एकानें पेडल दाबून धरावें; दुसऱ्यानें चाकामागचा लहान स्क्रू सैल करून, त्याला पारदर्शक नळी लावून, तिचें टोंक द्रव घातलेल्या कांचेच्या बरणींत बुडवावें. स्क्रू आवळल्याशिवाय पेडल सोडूं नये, नाहींतर हवा उलट आंत शिरते. आरंभ मुख्य सिलिंडरापासून सर्वांत लांब असलेल्या चाकानें करावा आणि नळींतले बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत धीर धरावा. शेवटीं पेडल एक मिनिटभर पायाखालीं घट्ट दाबून धरावें. तें हळूहळू खालीं जाऊं लागलें, तर कोठें तरी गळती आहे किंवा मुख्य सिलिंडर आंतून झिजला आहे, असें निश्चित समजावें. आणि त्या दिवशीं गाडी बाहेर काढूं नये.

ड्रम उघडल्यावर आंत सांपडणारी काळी भुकटी फुंकून उडविण्याची संवय अजून पुष्कळांना आहे. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे रोग होतात. ती भुकटी ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी आणि तें फडकें पिशवींत बांधून टाकावें.

हातब्रेकाविषयीं एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. विलीजच्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून जोडपेटीच्या मागें, मागच्या दांड्यावर असतो. चारही चाकें जमिनीवर आहेत तोंवर तो गाडी धरून ठेवतो. पण मागचें एक चाक जॅकनें उचललें, कीं मधल्या डिफरन्शियलमुळें तें उचललेलें चाक उलट फिरूं शकतें, जमिनीवरचें चाक सुलट फिरतें, आणि दांडा जागचा न हलतां गाडी उतारावरून निघते. खालीं माणूस असेल तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून चाक बदलण्यापूर्वी उरलेल्या चाकांना दोन्हीं बाजूंनीं दगड लावावे, आणि जॅकखालीं जाड फळी ठेवावी, कारण येथल्या मऊ मातींत जॅक वर जाण्याऐवजीं जमिनींत जातो.

सुधारणा करायचीच, तर या एकेरी सिलिंडराच्या जागीं पुढच्या व मागच्या चाकांना वेगळे मार्ग देणारा दुहेरी सिलिंडर बसवून घेणें ही सर्वांत शहाणपणाची सुधारणा होय. एक मार्ग फुटला तरी दुसरा राहतो. पण हें काम अंगणांतलें नव्हे. तें जाणत्या मेस्त्रीकडून करून घ्यावें आणि आपण फक्त समोर उभें राहून पाहावें.

यानंतर पाणी. येथल्या नाल्यांना उन्हाळ्यांत पाहणाऱ्याला त्यांचा पावसाळ्यांतला अवतार खरा वाटत नाहीं. डोक्यावर आभाळ स्वच्छ असतें, पण वर कोठें तरी डोंगरांत पाऊस झालेला असतो, आणि घोट्याइतकें पाणी अर्ध्या तासांत कमरेइतकें होतें. वेगानें वाहणारें दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेऊं शकतें. जीप त्याला अपवाद नाहीं, किंबहुना ती हलकी असल्यामुळें तिचा मोह अधिक धोक्याचा. गाडी घालण्यापूर्वी काठी घेऊन स्वतः चालून पाहावें. जेथें माणसाचे पाय ठरत नाहींत तेथें गाडी घालूं नये, आणि जेथें चालून पाहण्याचीच भीति वाटते तेथें तर मुळींच नाहीं. पाणी आंसाच्या वर असेल, तर जुन्या गाडीनें थांबावें. रपट्यावर पाणी असतांना तर त्याची कडाही दिसत नसते.

उतरायचें ठरलें, तर चारही चाकांचा जोर आणि जोडपेटीचा खालचा गिअर कांठावरच घालून घ्यावा. पाण्यांत क्लच दाबून गिअर बदलूं नये. पाणी जरा खोल असेल तर पंख्याचा पट्टा आधींच काढून ठेवावा, कारण फिरता पंखा पाणी उडवून प्रज्वलनाच्या तारांवर टाकतो, आणि कधीं कधीं पात्यांना बांक येऊन तींच रेडिएटरला जाऊन लागतात. मग माणसाच्या चालीनें, न थांबतां पार जावें. एवढें करूनही मध्येंच एंजिन बंद पडलें, तर स्टार्टर दाबण्याचा मोह आवरावा. सिलिंडरांत पाणी शिरलेलें असेल, तर तें दबत नाहीं. दबतो तो पिस्टनचा दांडा, आणि वांकलेला दांडा भामरागडांत सरळ होत नाहीं. गाडी दोरानें ओढून बाहेर घ्यावी, प्लग काढावे आणि एंजिन हातानें फिरवून पाणी बाहेर टाकावें.

पार गेल्यावर पहिल्या शंभर पावलांत ब्रेक हलका दाबीत राहावें. ओले लायनर ड्रमला धरत नाहींत. थोडें घांसल्यानें ते तापून वाळतात. उतार समोर असेल तर ही परीक्षा उतारापूर्वी व्हावी, उतारावर नव्हे.

पाण्याचा खरा अपराध मात्र दुसऱ्या दिवशीं उघडकीस येतो. दिवसभर चालून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला, कीं त्याच्या आंतली हवा आकसते आणि बाहेरचें पाणी सीलमधून आंत ओढलें जातें. हें होऊं नये म्हणून आंसाच्या पाठीवर श्वास घेण्यासाठीं एक बारीक भोंक ठेवलेलें असतें. पण कुंभारीण माशीला तेवढेंच भोंक घर बांधण्यास पसंत पडतें, किंवा तें चिखलानें बुजतें. तें दर महिन्यास तारेनें मोकळें करावें. त्याहून बरें म्हणजे त्या भोंकाला रबराची नळी जोडून तिचें टोंक बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधावें. या कामास अर्धा तास आणि थोडीशी नळी लागते. जीपच्या सर्व सुधारणांत इतकी स्वस्त व इतकी उपयोगी सुधारणा दुसरी नसेल. पण ती बाहेरून दिसत नाहीं, म्हणून ती फार थोडे लोक करतात. नाला ओलांडल्यानंतरच्या सकाळीं आंसाच्या तळाचा बोल्ट किंचित सैल करून पाहावा. पाणी तेलाहून जड असल्यामुळें रात्रभरांत तळाशीं बसलेलें असतें आणि आधीं तेंच येतें. तेल दुधाळ झालें असेल, तर तें सगळें टाकून नवें भरावें. पुढच्या चाकांजवळचे वाटोळे सांधेही अशाच प्रकारें तपासावे. त्यांचे नमद्याचे पट्टे जुने झाले, कीं चिखल आंत जाऊन सांधे खातो.

उन्हाळा आला, कीं पाण्याची जागा धूळ आणि ऊन घेतात. तेंदूपत्त्याच्या हंगामांत रानांतल्या वाटांवर एका गाडीमागें दुसरी गाडी चालली, तर मागच्या चालकाला पुढची गाडी दिसत नाहीं, फक्त ढग दिसतो. जुन्या जीपच्या हवागाळणींत तळाशीं तेल असतें, आणि हवा त्यावरून जातांना धूळ तेलांत सोडून जाते. ही योजना जुनी असली, तरी अशा धुळींत ती उत्तम काम देते. कागदी गाळणी संपली कीं नवी आणावी लागते. ही धुवून पुन्हां भरतां येते. मात्र या दिवसांत दर दोनतीन दिवसांनीं ती उघडून तळाचा गाळ काढावा, आणि तेल खुणेच्या वर भरूं नये. रेडिएटरच्या जाळींत गवताचें कुसळ आणि किडे अडकतात. ते पाण्याचा झोत एंजिनच्या बाजूनें बाहेर मारून काढावे. पुढून मारल्यास ते आणखी आंत जाऊन बसतात. गरम रेडिएटरचें झांकण उघडून हात भाजून घेण्याचा प्रकार प्रत्येक उन्हाळ्यांत कोठें ना कोठें घडतोच.

पेट्रोलची गाडी कधीं कधीं भर दुपारीं कांहींएक बिघाड नसतांना गुदमरते. नळींतलें पेट्रोल उष्णतेनें वाफ होऊन पंपाला ओढतां येत नाहीं, एवढेंच कारण असतें. पंपावर व नळीवर ओलें फडकें टाकून दहा मिनिटें झाडाखालीं बसलें, म्हणजे गाडी आपोआप शुद्धीवर येते. अलीकडे या जुन्या पेट्रोल गाड्यांपुढें एक नवीच अडचण उभी राहिली आहे. २०२५ पर्यंत देशांतल्या पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर आलें. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठीं केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, मग चिरतात आणि तापलेल्या एंजिनवर पेट्रोल ठिबकूं लागतें. इथेनॉल ओलही ओढून घेतो. गाडी पावसाळाभर उभी राहिली, तर टाकीच्या तळाशीं पाणी वेगळें होऊन बसतें. म्हणून नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे, आणि गाडी उभी ठेवायची असल्यास टाकींतलें पेट्रोल काढून घ्यावें.

आगीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत येथल्या जंगलांत वणव्याचें भय असतें. वाळल्या गवतांतून गेलेल्या जीपच्या पोटाखालीं, धुराड्याच्या नळीभोंवतीं गवत गुंतून राहतें आणि नळी तापल्यावर तें पेटूं शकतें. अशा वेळीं गाडीबरोबर मागचें रानही जातें. तासाभरानें एकदां थांबून खालीं वांकून पाहावें आणि गाडी कधींही वाळल्या गवतावर उभी करूं नये.

एंजिनाबद्दल फार बोलण्याचें कारण नाहीं. नीट तेल-पाणी मिळालें तर तें बहुधा तक्रार करीत नाहीं. विलीजच्या पेट्रोल एंजिनांत प्लगची फट ०.०३० इंच आणि पॉइंटची फट ०.०२० इंच ठेवावी, व पॉइंट जळाले असल्यास कंडेन्सरही बदलावा. कंडेन्सर पूर्वसूचना देत नाहीं, हा त्याचा वाईट गुण. स्टिअरिंगमध्यें ढिलाई वाढली, कीं पेटीला दोष देण्याआधीं चौकटीच्या पुढच्या आडव्या तुळईवरचा मधला तरफेचा सांधा पाहावा. ढिलाई पुष्कळदां तेथेंच असते.

राहिल्या त्या हौसेच्या सुधारणा. युद्धकाळची जीप ६ व्होल्टवर चालत असे. तिचे दिवे काजव्यासारखे, आणि आज ६ व्होल्टचे बल्ब व बॅटरी मिळविणें कष्टाचें. ती १२ व्होल्टवर आणणें योग्यच आहे. मात्र बल्ब, कॉइल, जनरेटर आणि त्याचा नियंत्रक हे सर्व बरोबर बदलावे लागतात. मोठ्या टायरांविषयीं मात्र सावध राहावें. टायर मोठा झाला, कीं गाडी उंच होते हें खरें. पण त्याच ब्रेकला आतां अधिक व्यासाचें चाक थोपवावें लागतें, मागच्या आंसाच्या दांड्यांवर ताण वाढतो, स्टिअरिंग जड होतें आणि वेगदर्शक खोटें बोलूं लागतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत, हें तर सांगितलेंच पाहिजे. जुन्या जीपमध्यें पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सोसणारें यंत्र नसतें, आणि मापांत भेद असला तर चारही चाकांच्या जोरावर चालतांना गिअरच एकमेकांशीं भांडतात. याच कारणानें डांबरी रस्त्यावर येतांच पुढच्या चाकांचा जोर सोडून द्यावा. पेट्रोलचें एंजिन काढून भारी डिझेल एंजिन बसविणें ही तर आणखी मोठी गोष्ट. पुढच्या पाट्यांना तें वजन पेलत नाहीं, आणि कायद्यालाही तें सहज पेलत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतल्या वर्णनाहून वेगळी ठरेल अशी फेरबांधणी करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत ती मनाई पुन्हां स्पष्ट केली. एंजिन बदलायचें, तर आधीं नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करूनच पुढें वाढवून मिळते. सरकारी गाड्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढें नोंदणी वाढवून मिळेनाशी झाली. त्यामुळें सरकारी खात्यांच्या जुन्या जीप रस्त्यावरून गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांची निगा आतां खासगी धन्यांच्याच हातीं आहे.

शेवटीं त्या पेटीकडे पाहावें. पान्यांचा एक संच, पक्कड, पोलादी तार, चिकटपट्टी. पॉइंट, कंडेन्सर आणि एक कॉइल. पंख्याचा पट्टा, रेडिएटरच्या दोन नळ्या व त्यांच्या पट्ट्या. पेट्रोल पंपाचा पडदा. ब्रेकच्या द्रवाची न उघडलेली बाटली आणि चाकाजवळची एक रबरी नळी. हवेचा हातपंप, दोर, फळी, वीस लिटर पाणी. त्यांत कपडे धुण्याच्या साबणाची वडी असावी. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर पडली, तर त्यावर साबण घांसून गांवापर्यंत जातां येतें. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हें पेटीच्या झांकणावर रंगानें लिहून ठेवावें. मदतीस धांवलेला भला माणूस ते सवयीप्रमाणें सैल करूं जातो आणि आवळून आवळून बोल्टच तोडतो. हँडल मारून गाडी सुरू करतांना आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. एंजिनानें उलटा झटका दिला, तर दांड्याभोंवतीं वळलेला आंगठा मोडतो.

भर पावसाळ्यांत आंतल्या गांवांतून माणूस आजारी असल्याचा निरोप येतो, तेव्हां पुष्कळदां जीपला नाल्याच्या अलीकडेच थांबावें लागतें. पलीकडून रुग्णाला खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यांवरून पाण्यांतून आणावें लागतें. अशा वेळीं गाडी आधींच फिरवून तिचें तोंड परतीच्या वाटेकडे करून ठेवावें. बॅटरी दगा देईल तर ढकलून सुरू करतां यावी म्हणून ती थोड्या उतारावर उभी करावी, चारही चाकांना दगड लावावे, मागची फळी सोडून बैठका घडी घालाव्या, आणि खाट पाण्यांतून वर येईपर्यंत कंदिलाच्या उजेडांत पेडल दाबून ब्रेक एकदां पाहून घ्यावा.